चष्मा कुठल्याच यादीत नाही

पत्राचा सारांश: पत्र नाशिकच्या एका वाचक भगिनींचं आहे. वय ५८, सहकारी बँकेतून निवृत्त, लहानपणापासून रहस्यकथांचं वेड. गेली चार वर्षं त्या एका वाचनकट्ट्यावर जातात. महिन्यातून एकदा अकरा जण जमतात आणि दर वेळी कुणीतरी एक जण एका पुस्तकावर बोलतो. पुढच्या महिन्यात पाळी त्यांची आहे. पुस्तक उम्बेर्तो एको यांचं ‘द नेम ऑफ द रोझ’, आणि विषय कट्ट्यानं ठरवून दिलाय, ‘कादंबरीतली प्रतीकं’. इंग्रजी अनुवाद त्यांनी अडीच महिने नेटानं वाचला. खुनांचं कोडं आवडलं, भुलभुलैयासारखं ग्रंथालय आवडलं, शेवटच्या आगीच्या वेळी रडू आलं. पण प्रतीकं काही सापडली नाहीत. कट्ट्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “ही खुनाची गोष्ट म्हणून वाचलीत तर वाचलीच नाहीत म्हणा.” मग त्यांनी इंटरनेटवरच्या याद्या उतरवून घेतल्या आणि वहीत तीन रकाने आखले: वस्तू, पान, अर्थ. ग्रंथालय म्हणजे जग, आरसा म्हणजे अहंकार, आंधळा म्हणजे अज्ञान. गुलाबापुढचा रकाना अजून रिकामा आहे. त्या विचारतात: नाव मागे घेऊ का? लॅटिन येत नाही, बायबल वाचलेलं नाही, अशा पुस्तकावर बोलायचा मला अधिकार आहे का? माझं वाचन वरवरचं आहे का?

ताई,

तुमच्या पत्रात जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे. कादंबरीचा नायक विल्यम याचा चष्मा चोरीला गेला तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटलं, पण चष्मा कुठल्याच यादीत नाही म्हणून तो वहीत लिहिला नाही. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला तिथंच दिसतंय. तिथं यायला थोडा वेळ लागेल, पण येऊ.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांना आधीच सांगते, पुढे खुनी कोण आणि खून कसे झाले ते सगळं उघड होणार आहे. वाचायची इच्छा असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि पुस्तक संपल्यावर या. बाकीच्यांसाठी दोन ओळी. साल १३२७, नोव्हेंबर अखेर. आपल्याकडे मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तो हाच सुमार. उत्तर इटलीतल्या डोंगरावर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा एक श्रीमंत मठ आहे आणि त्याचं ग्रंथालय जगभर नावाजलेलं आहे. विल्यम ऑफ बास्करव्हिल हा इंग्रज फ्रान्सिस्कन साधू आपल्या अ‍ॅड्सो नावाच्या कोवळ्या शिष्याला घेऊन तिथं येतो आणि सात दिवसांत मठात एकामागून एक माणसं मरत जातात. ही गोष्ट अ‍ॅड्सो म्हातारपणी लिहितो आहे.

आता तुमची वही. रकाने आखले यात चूक काही नाही, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे वळणारच. मला शंका आहे ती तिसऱ्या रकान्याबद्दल. त्यात एक गृहीत धरलंय, की प्रत्येक वस्तूच्या मागे एक अर्थ बसलेला असतो आणि तो हुशार वाचकाला दिसतो, इतरांना दिसत नाही. हे गृहीत आपल्याकडे कुठून आलं असेल? थोडं शाळेच्या ‘संदर्भासह स्पष्टीकरण’मधून, आणि बरंचसं त्याहून फार जुन्या, फार सुंदर अशा सवयीतून. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. कीर्तनकार पूर्वरंगात अभंगातल्या एकेका शब्दाची गाठ सोडवतो आणि उत्तररंगात तोच अर्थ आख्यानातून दाखवतो. आपला कान त्यावर तयार झालाय. पण ते रूपक झालं. तिथं किल्ली कुलपालाच बांधून दिलेली असते, कारण अर्थ लोकांपर्यंत पोचणं हाच त्याचा हेतू असतो.

प्रतीकाचं तसं नसतं. प्रतीक आधी एक वस्तू असते, गोष्टीत तिचं काहीतरी काम असतं, आणि ते काम करता करता ती मनात रेंगाळायला लागते. तिला एकच अर्थ चिकटवला की ती मरते. ‘आरसा म्हणजे अहंकार’ असं लिहून झाल्यावर तुम्हाला त्या आरशाकडे पुन्हा बघावंसं वाटलं का? आणि अ‍ॅड्सो रात्री त्या ग्रंथालयात शिरतो, समोर एक अक्राळविक्राळ आकृती उभी राहते, तो किंचाळतो, आणि मग कळतं की वाकड्यातिकड्या काचेतलं ते त्याचंच रूप आहे, तेव्हा? पुढे त्याच आरशामागे गुप्त खोलीचं दार निघतं. भीतीच्या मागे दार. यादीतल्या ‘अहंकारा’त यातलं काहीच मावत नाही.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मांडायला मला ही कादंबरी फार मदत करते. वस्तूंमागे एकच ठरलेला अर्थ शोधणारी माणसं या गोष्टीतच आहेत. त्यांचं काय होतं ते तुम्ही वाचलंय.

मरणांची साखळी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. गारांच्या वादळी रात्री चित्रकार अडेल्मो कड्याखाली मेलेला सापडतो. ग्रीकचा अनुवादक व्हेनान्शियस डुकरांच्या रक्ताच्या रांजणात उलटा. ग्रंथपालाचा मदतनीस बेरेंगार स्नानाच्या टाकीत बुडालेला. औषधी जाणणाऱ्या सेव्हेरिनसचं डोकं ग्रहताऱ्यांच्या कक्षा दाखवणाऱ्या धातूच्या गोलानं फोडलेलं. ग्रंथपाल मलाकी मरताना विंचवांबद्दल बोलतो. मठातला एक अतिवृद्ध साधू म्हणतो, हे तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले सात कर्णे! पहिल्या कर्ण्याला गारा, दुसऱ्याला समुद्राचं रक्त, तिसऱ्याला पाणी कडू, चौथ्याला सूर्य-चंद्र-तारे घायाळ, पाचव्याला विंचवांसारख्या नांग्या. नक्षी इतकी चोख जुळते की विल्यमसारखा शंकेखोर माणूससुद्धा तिच्या मागे जातो. पहिल्या वाचनात मीही गेले होते, आणि पुढचा मृत्यू कसा होणार याचा अंदाज बांधत बसले होते.

आणि शेवटी काय निघतं? अडेल्मोनं आत्महत्या केलेली. व्हेनान्शियस विषानं स्वयंपाकघरात मेलेला, त्याला रांजणात टाकलं ते घाबरलेल्या बेरेंगारनं. बेरेंगार स्वतः विषाच्या वेदना सोसेनात म्हणून पाण्यात उतरलेला. सेव्हेरिनसला मारलं मलाकीनं, आणि तो गोल हाताशी होता म्हणून उचललेला. कर्ण्यांची योजना अशी कुणाचीच नव्हती. पण थरकाप उडवणारी गोष्ट याच्या पुढे आहे. ज्या आंधळ्या साधूनं, योर्गेनं, ग्रंथालयात लपवलेल्या एका पुस्तकाला विष लावलेलं असतं, त्याच्या कानावर ही कर्ण्यांची कल्पना जाते आणि तोही ती खरी मानू लागतो. हे सगळं ईश्वरी योजनेनुसार चाललंय, आपल्यावर दोष नाही, असं त्याला वाटायला लागतं. शेवटी तो विषारी पानं फाडून तोंडात कोंबतो, आणि बायबलच्या त्याच पुस्तकात ‘हा ग्रंथ घे आणि खा’ अशी आज्ञा आहे. म्हणजे मुळात नसलेली नक्षी, तिच्यावर विश्वास ठेवल्यामुळे, अखेरीस खरी होऊन बसते. विल्यम शेवटी हताशपणे कबूल करतो की खुन्यापर्यंत तो पोचला तो चुकीच्या वाटेनं. चिन्हं खरी होती, त्यांच्यातलं नातं त्यानं मनानं जोडलं होतं.

ताई, आता सांगा, इंटरनेटवरच्या यादीप्रमाणे तीन रकाने भरणं म्हणजे विल्यमची चूक पुन्हा करणंच नाही का? तुम्हाला तो रकाना भरवत नव्हता. तुम्ही याला स्वतःची उणीव म्हणता. मला वाटतं, पुस्तकानं तुम्हाला शिकवायचं ते शिकवलं होतं, आणि यादी त्याच्या आड आली.

माझं लाडकं उदाहरण मात्र दुसरंच आहे. तिसऱ्या रात्री अंधाऱ्या स्वयंपाकघरात अ‍ॅड्सोला गावातली ती गरीब मुलगी भेटते. त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव प्रेम. ती निघून गेल्यावर तिथं एक गाठोडं राहतं. तो ते उघडतो, आत एक रक्ताळलेलं, मोठंच्या मोठं काळीज असतं, आणि तो बेशुद्ध पडतो. कुठलाही अनुभवी वाचक इथं लगेच म्हणेल, काळीज, म्हणजे प्रेम, म्हणजे बलिदान. आणि विल्यम काय सांगतो? हे बैलाचं काळीज आहे. मठात जनावर कापलं असेल, त्यातलं हे कुणीतरी त्या मुलीला दिलं असेल, कारण ती उपाशी आहे आणि अन्नासाठी शरीर विकते आहे. प्रतीक म्हणून जे दिसलं ते कुणाच्या तरी घरी शिजणार होतं. हे कळल्यावर ते काळीज अर्थानं लहान होतं का? मला तर ते दहापट जड झालेलं जाणवतं.

पुढे हीच मुलगी धर्मन्यायाधीश बर्नार्ड गी याच्या हाती लागते. हा माणूस इतिहासातला खरा आहे, फ्रान्समधल्या तुलूझ भागात त्यानं पाखंडी शोधण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. सापडलेल्या सामानात काळी मांजर आणि कोंबडा दिसतात, आणि त्याला वेगळा पुरावा लागत नाही. काळी मांजर म्हणजे जादूटोणा. त्याच्या वहीतला तिसरा रकाना कधीच रिकामा नसतो. मुलीची भाषा त्याच्या न्यायासनापुढे कुणी समजून घेत नाही. तिला घेऊन जातात. कादंबरीवरच्या १९८६च्या चित्रपटात तिचा जीव वाचतो, म्हणून तुमच्या मुलीचा ‘सिनेमा बघ, काम झालं’ हा सल्ला एवढ्यापुरता तरी बाजूला ठेवा. कादंबरीत तिची सुटका होताना दिसत नाही.

त्या काळात चिन्ह ही केवढी जिवावरची गोष्ट होती, हे कट्ट्यावर अवश्य सांगा. मठात त्या आठवड्यात एक वाटाघाट चाललेली असते आणि बरेच वाचक ती पानं भराभर उलटतात. प्रश्न असा, की येशूच्या कमरेला पैशांची थैली होती का, आणि असली तर ती त्याच्या मालकीची होती का? आपल्याला हा शब्दच्छल वाटेल. पण येशू आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं ठामपणे म्हणत राहणं पाखंड आहे, असं पोप जॉन बाविसाव्यांनी १३२३ साली जाहीर केलं, आणि गरिबीचं व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कनांच्या पायाखालची जमीन सरकली. चित्रातली एक थैली दाखवायची की नाही, यावर संपत्ती, सत्ता आणि माणसांचे जीव टांगलेले होते. ऐतिहासिक रहस्यकथेतली प्रतीकं वाचताना हे एक पथ्य फार उपयोगी पडतं. आज त्या वस्तूचा अर्थ काय लावायचा हे नंतर पाहावं, आधी त्या काळातल्या माणसानं तिच्यासाठी काय पणाला लावलं असतं ते विचारावं.

आता कट्ट्यावरच्या प्राध्यापक सरांच्या वाक्याकडे येते. ते रागानं किंवा तुम्हाला कमी लेखायला बोलले असतील असं मी धरून चालत नाही. या पुस्तकात तत्त्वज्ञान, धर्मकारण, भाषाविचार ठासून भरलंय आणि ते कुणी चुकवू नये, अशी त्यांची कळकळ असणार. पण वर खुनाची गोष्ट आणि खाली खरा अर्थ, वरचं साल सोलून फेकायचं, हे मला मान्य नाही. एको बोलोन्याच्या विद्यापीठात चिन्हमीमांसा, म्हणजे चिन्हं आणि त्यांचे अर्थ यांचं शास्त्र, शिकवत होते. ४८ वर्षांचे असताना, १९८० साली त्यांनी ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. त्यांच्याजवळ निबंधाचा मार्ग होता, आणि निबंध त्यांनी पुष्कळ लिहिलेही. तरी त्यांनी खुनाची गोष्ट निवडली, आणि नायकाला बास्करव्हिल हे ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधलं नाव देऊन शेरलॉक होम्सच्या वाचकांना सरळ हाक मारली. तुमच्यासारख्या वाचकाला ते बोलावणं होतं, ताई.

खून कसा होतो तेवढंच पाहा. अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात विनोदनाट्याबद्दल पुढे बोलू असं म्हटलंय, आणि तो भाग आज उपलब्ध नाही. कादंबरीत त्याची जगातली शेवटची प्रत या मठात लपवलेली आहे. योर्गेला हसण्याची भीती वाटते. हसणारा माणूस भीत नाही, आणि भीती गेली की देवाचा धाक जातो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो पानांना विष लावतो. पानं मऊ, चिंध्यांपासून केलेल्या कागदाची, एकमेकांना चिकटलेली. ती सोडवायला वाचणारा बोट जिभेला लावतो, पान उलटतो, पुन्हा बोट जिभेला. बँकेत नोटा मोजताना शेजारी ओल्या स्पंजची डबी असायची ना? त्या साधूंकडे ती नव्हती. आपल्याकडे थोरली माणसं ओरडायची, पुस्तकाला थुंकी लावू नको, विद्या आहे ती. इथं त्याच सवयीत मरण ठेवलंय. आणि हिशोब असा, की जितकं जास्त वाचाल तितकं विष जास्त. थोडं वाचून ठेवून देणारा वाचतो, ज्याला राहवत नाही तो मरतो. विल्यम जगतो, कारण त्यानं हातमोजे घातलेले असतात. सगळ्या कादंबरीचं मर्म या यंत्रणेत आहे, आणि ते फक्त ‘खून कसा झाला’ हे बारकाईनं बघणाऱ्यालाच दिसतं. हे तुम्ही नक्कीच पाहिलं असणार. फक्त त्याला प्रतीक म्हणायला तुम्ही बिचकलात.

लॅटिनची काळजी फार करू नका. कुठली वाक्यं अडली त्यांवर पेन्सिलनं खूण करा आणि पुढे जा. एक मात्र जरूर समजून घ्या, कारण ते कट्ट्यावर सगळ्यांना आवडेल. गुप्त खोलीचं दार उघडायच्या सूचनेत ‘चारातलं पहिलं आणि सातवं’ दाबा असं लिहिलेलं असतं. चारात सातवं कुठून येणार? विल्यम दिवसेंदिवस डोकं खाजवतो. शेवटी अ‍ॅड्सोच्या एका सहज बोलण्यातून उलगडा होतो. ‘चार’ ही संख्या नव्हेच, ‘चार’ हा शब्द. लॅटिनमध्ये तो ‘क्वातुओर’, लिहिताना सात अक्षरं. आरशावरच्या ओळीतल्या त्या शब्दाचं पहिलं आणि सातवं अक्षर दाबायचं. शब्द कशाकडे बोट दाखवतो हे शोधत बसलेल्या माणसाला शब्दाकडेच बघायचं सुचत नव्हतं! आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्याची ‘ध चा मा’ ही आख्यायिका घराघरांत आहे. कागदावरचं अक्षर ही स्वतःच एक वस्तू असते आणि तिच्यानं दारंही उघडतात आणि गळेही कापले जातात, हे मराठी माणसाला कुणी वेगळं सांगायला नको. ग्रंथ लपवून ठेवण्याचंही तसंच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. तुमच्या कट्ट्यावर कुणी महानुभाव साहित्य वाचलेलं असेल तर त्या बाजूनं गप्पा फार छान रंगतील.

बायबलसाठीही एवढंच करा. मराठी बायबल सहज मिळतं. त्यातलं शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्याचा चौथा अध्याय, आणि मग आठ ते दहा. अर्ध्या तासाचं वाचन. सिंहासन, चोवीस वडीलजन, कर्णे, विंचू, तोंडात मधासारखा गोड आणि पोटात कडू होणारा ग्रंथ, सगळं तिथं भेटेल.

गुलाबाचा रकाना रिकामाच ठेवा. कादंबरीत गुलाबाचं झाड नाही, गुलाबावरून कुणी मरत नाही. शेवटच्या लॅटिन ओळीत तो येतो. तिचा आशय असा, की पूर्वीचा गुलाब आता फक्त नावानं उरलाय, आपल्या हाती नुसती नावं आहेत. मागाहून, १९८३ साली, एकोंनी या कादंबरीबद्दल एक टिपण लिहिलं. त्यात ते सांगतात की कामचलाऊ नाव ‘गुन्ह्याचा मठ’ अशा धर्तीचं होतं, पण त्यामुळे वाचकाचं लक्ष नुसत्या रहस्याकडे गेलं असतं. गुलाब निवडला कारण त्याला आजवर इतके अर्थ दिले गेलेत की आता जवळजवळ एकही उरलेला नाही. म्हणजे लेखकानंच तो रकाना कोरा सोडलाय. मी मात्र मनाशी एक गोष्ट धरून असते. सगळ्या कादंबरीत साधूंची नावं गावांसकट येतात, यादीच्या यादी. ज्या एका माणसाचं नाव अ‍ॅड्सोला म्हातारपणी हवंहवंसं वाटतं, त्या मुलीचं नाव त्याला कधी कळलंच नाही. हे माझं वाचन. तुमचं वेगळं असू शकेल, आणि असावं.

आता चष्मा. १३०६ साली इटलीतल्या एका धर्मोपदेशकानं प्रवचनात सांगितलं होतं की चष्म्याची कला निघून वीस वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे विल्यमच्या नाकावरची ती वस्तू १३२७ साली जेमतेम चाळिशीतली. मठातल्या पुष्कळांनी ती कधी पाहिलेलीही नाही. ती चोरीला जाते तेव्हा एवढा बुद्धिमान माणूस हतबल होतो, समोर सापडलेला कागद त्याला वाचता येत नाही, आणि निकोलस नावाचा काचकाम करणारा साधू त्याला नवी भिंगं घासून द्यायला बसतो. दुसरीकडे योर्गे आहे. त्याला काहीच दिसत नाही, सगळं पाठ आहे, आणि कशाचीही शंका नाही. एकाला भिंगाशिवाय दिसत नाही हे तो जाणतो, मागतो, दुसऱ्या माणसाच्या हातावर अवलंबून राहतो. दुसऱ्याला वाटतं, आपल्याला दिसण्याची गरजच नाही. तुम्हाला चष्म्याबद्दल वाईट वाटलं तेव्हा तुम्ही या दोघांच्या बरोबर मधे उभ्या होतात. ते यादीत नव्हतं म्हणून वगळलंत, एवढीच काय ती चूक झाली.

तेव्हा काय करायचं? नाव मागे घेण्याची मुभा तुम्हाला आहेच. तब्येतीमुळे किंवा घरच्या अडचणीमुळे घ्यावंसं वाटलं तर बिनदिक्कत घ्या. अधिकार नाही म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. दुसरा मार्ग, सरांना सोबत घेण्याचा. त्यांनी धर्मकारणाची बाजू मांडावी, तुम्ही गोष्टीची. तो वाईट नाही, पण पहिल्यांदा तुम्ही एकट्यानं बोलावं असं मला वाटतं. दोघं बोललात तर लोक अर्थ त्यांना विचारतील आणि कथानक तुम्हाला, आणि जी फोड मी वर नाकारली तीच पुन्हा पडेल.

एकट्यानं बोलायचं तर तीनच वस्तू घ्या. चष्मा, चिकटलेली पानं, बैलाचं काळीज. ग्रंथालय, आरसा, गुलाब मुद्दाम सोडा, त्यांच्यावर इतर बोलतील. प्रत्येक वस्तूबद्दल आधी सांगा की गोष्टीत ती कुणाच्या हातात आहे, काय काम करते आणि नसती तर काय घडलं नसतं. मग ती तुम्हाला कुठं टोचली ते सांगा. त्यानंतर कुणी अर्थ सुचवला तर ऐका. हाच क्रम कुठल्याही पुस्तकाला लागू पडतो. याआधी मला एका विद्यार्थ्यानं परीक्षेसाठी आणि एका गृहस्थानं नातवाला समजावण्यासाठी असंच विचारलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं. आणि जे पहिल्या शंभर पानांत अडकून पुस्तक सोडून देतात, त्यांच्यासाठी: ती पानं छाटा, असं एकोंना प्रकाशनाआधीच सुचवलं गेलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मठात राहायला जायचं तर डोंगर चढावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. दिवसाला दहा पानं, घाई न करता, तर दीड आठवड्यात चढ संपतो.

शेवटच्या पानांतला एक उतारा मोठ्यानं वाचायला निवडून ठेवा. खूप वर्षांनी अ‍ॅड्सो त्या जळालेल्या मठात परत जातो, राखेतून चर्मपत्रांचे तुकडे वेचतो, कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसता एखादा शब्द, आणि ते पिशव्या भरभरून घरी आणतो. आगीच्या वेळी तुम्हाला रडू आलं होतं, तर हा उतारा तुमच्याच आवाजात ऐकायला मिळावा.

आणि वही फाडू नका. तिसऱ्या रकान्यातलं उतरवून घेतलेलं सगळं खोडा, वरती ‘अर्थ’ लिहिलंय तिथं ‘कोण काय म्हणालं’ असं लिहा, पहिल्या ओळीत चष्मा टाका आणि वही कट्ट्यावर घेऊन जा. सर काय म्हणतात ते त्यांच्या नावासकट लिहून घ्या, बाकी नऊ जणांचंही.